घाटेअळीचा वैरी आणि त्याचा अदृश्य सोबती

पौष महिन्यातील एका सकाळी, निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या एका गावी हरभऱ्याच्या शेतात उभे असताना, एका वयोवृद्ध शेतकऱ्यांनी मला एक प्रश्न विचारला. त्यांच्या तळहातावर बोटाच्या पेराहूनही लहान अशी एक हिरवट अळी होती. पीक फुलोऱ्यावर येऊ लागले होते आणि बांधावर फवारणीचा पंप भरून ठेवलेला होता. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणता की या अळीला माशीने टोचले आहे, आता ती काही करणार नाही. पण ही तर जिवंत आहे, पानही खाते आहे. मग मी पंप खाली ठेवायचा, तो कोणाच्या भरवशावर?"

प्रश्न रास्त होता. आदल्या हंगामात अळी दिसताच त्यांनी दोन फवारण्या केल्या होत्या आणि औषध उधारीवर आणले होते. तरीही घाटे भरण्याच्या वेळी शेतात मोठ्या अळ्या झाल्याच. उधारी फिटली, पण पदरात फारसे काही उरले नाही. माझा सल्ला चुकला असता तर नुकसान त्यांचे व्हायचे होते, माझे नव्हे. अशा वेळी "मित्रकीटकांचे रक्षण करा" एवढे सांगून कोणाचेही समाधान होत नाही. टोचलेली अळी जिवंत दिसत असूनही निकामी कशी होते, हे सांगावे लागते. त्या दिवशी बांधावर बसून जे सांगितले, तेच येथे थोड्या विस्ताराने देत आहे.

अळीची खादाडी केव्हा वाढते

हरभऱ्यावरील घाटेअळी, म्हणजे शास्त्रीय भाषेत हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांस नवीन नाही. हीच अळी टोमॅटोचे फळ, तुरीची शेंग व कपाशीचे बोंड पोखरते. हिचा मादी पतंग कोवळ्या पानांवर, कळ्यांवर व फुलांवर एकेक सुटे अंडे घालतो. अंड्यातून निघालेली अळी प्रथम कोवळी पाने खरवडून खाते. कात टाकत टाकत ती साधारणपणे सहा अवस्थांतून वाढते. पुढे घाटे धरले की डोके घाट्यात व उरलेले अंग बाहेर, अशा स्थितीत ती दाणे फस्त करते. एक अळी पूर्ण वाढेपर्यंत ३० ते ४० घाटे खराब करते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. अळी आयुष्यभरात जे खाते, त्यातील फार मोठा भाग ती शेवटच्या दोन अवस्थांत खाते. लहान अळी पान खरवडते, तेवढ्याने पिकाचे फारसे बिघडत नाही. खरा प्रश्न असतो तो ही लहान अळी मोठी होणार की नाही हा, आणि त्याचा निर्णय पुष्कळदा आपल्या पंपाने नव्हे, तर एका लहानशा माशीने केलेला असतो.

आंबीला न जुमानणारी माशी

या माशीचे शास्त्रीय नाव कॅम्पोलेटिस क्लोरिडी असे आहे. जपानी कीटकशास्त्रज्ञ उचिदा यांनी १९५७ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. माशी म्हटले तरी ही घरमाशीच्या जातीची नव्हे. ती गांधीलमाशीच्या गणातील असून अंगाने बारीक, लांब मिशांची व अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास लांबीची असते. ती माणसास वा गुरांस त्रास देत नाही. फुलांतील मध हे तिचे अन्न. मादी मात्र अंडी घालण्यासाठी घाटेअळीचा शोध घेत झाडाझाडावरून हिंडते.

हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, हे सर्वांस ठाऊक आहे. मॅलिक व ऑक्झॅलिक आम्लांमुळे तिला तो आंबटपणा येतो. अंड्यांवर जगणारे ट्रायकोग्रामा नावाचे चिमुकले कीटक इतर पिकांत उपयोगी पडतात, परंतु या आंबीमुळे हरभऱ्यात त्यांचा टिकाव लागत नाही. कॅम्पोलेटिस मात्र आंबीला जुमानत नाही. हरभऱ्याच्या शेतात ती चांगले काम करते आणि आपल्याकडील रब्बीची थंडी तिला मानवते. मक्यावरील जी अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली भारतात प्रथम आढळली, तिच्यावरही हीच माशी उपजीविका करताना दिसून आली आहे.

ही मादी लहान अळी गाठते आणि आपली टोकदार अंडनलिका क्षणभर तिच्या अंगात खुपसून आत एक अंडे सोडते. अळी मरत नाही व लुळीही पडत नाही. आत अंडे उबते, त्यातून माशीचे पिल्लू बाहेर येते आणि अळीच्या शरीरातील रसावर वाढते. सुमारे आठवड्याने ते अळीचे अंग फोडून बाहेर पडते व तेथेच झाडावर कोष विणते. तोवर अळी बहुधा तिसऱ्या अवस्थेच्या पुढे गेलेली नसते, म्हणजे घाटा पोखरण्याचे तिचे वयच येत नाही. अंड्यापासून माशी उडेपर्यंत दोन आठवड्यांच्या आसपास काळ लागतो. थंडी कडक असेल तर काही दिवस अधिक लागतात.

अळीही असहाय नसते

येथवरची हकीकत ऐकून कोणासही वाटेल की, अळीच्या पोटात अंडे गेले की काम झाले. वस्तुस्थिती तशी नाही. अळीच्या रक्तातही रक्षक पेशी असतात. बाहेरची एखादी वस्तू अंगात शिरली की या पेशी तिच्याभोवती गोळा होतात, तिला चिकटतात आणि थरावर थर चढवून तिचा गोळा करून टाकतात. पुढे तो गोळा काळा पडतो व आतील जीव गुदमरून मरतो. माशीचे अंडे हीसुद्धा अळीच्या दृष्टीने परकी वस्तूच होय. मग त्या अंड्याभोवती असा गोळा का होत नाही, हे कोडे शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे पडले होते.

त्याचे उत्तर १९८१ साली अमेरिकेत मिळाले. एड्सन, व्हिन्सन, स्टॉल्ट्झ व समर्स या शास्त्रज्ञांनी आपल्या माशीच्या भावकीतील कॅम्पोलेटिस सोनोरेन्सिस ही माशी आणि आपल्या घाटेअळीच्या भावकीतील तंबाखूवरील कळी खाणारी अळी यांवर प्रयोग केले. माशीच्या अंडाशयाच्या तोंडाशी एक द्रव असतो आणि अंडे त्या द्रवात न्हाऊनच बाहेर येते. शास्त्रज्ञांनी अंडी धुऊन स्वच्छ केली व ती अळीच्या अंगात सोडली. रक्षक पेशींनी त्यांचा गोळा केला. धुतलेल्या अंड्यांबरोबर त्या द्रवातील शुद्ध केलेले विषाणू सोडले, तेव्हा अंडी वाचली. पुढे तेच विषाणू अतिनील किरणांच्या साहाय्याने निकामी करून सोडले, तर अंड्यांचा पुन्हा गोळा झाला. यावरून अंड्याचे रक्षण करणारा विषाणूच होय, हे सिद्ध झाले. आपल्याकडील कॅम्पोलेटिस क्लोरिडीच्या अंगीही याच प्रकारचा विषाणू असून चीनमधील संशोधकांनी त्याच्या जनुकांचा अभ्यास केलेला आहे.

दोन विषाणूंतील भेद

विषाणू म्हटल्यावर आपल्या शेतकऱ्यांस घाटेअळीवर फवारला जाणारा एचएएनपीव्ही आठवतो. तो पोटात गेल्यावर अळीच्या पेशीपेशीत वाढतो, अळी मरते व झाडावर उलटी लोंबकळते आणि तिच्या अंगातून पाझरणाऱ्या द्रवातून इतर अळ्यांस लागण होते. म्हणजे हा विषाणू अळीचा रोग आहे.

माशीचा विषाणू अगदी निराळ्या रीतीने वागतो. त्याची जनुके माशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांतच गोवलेली असतात आणि डोळ्यांच्या रंगाप्रमाणे ती आईबापांकडून पिल्लांकडे वारसाहक्काने जातात. मादीच्या अंडाशयातील ठरावीक पेशींतच या जनुकांपासून विषाणूचे कण तयार होतात व अंड्याबरोबर अळीच्या शरीरात जातात. मात्र नवे विषाणू घडविण्यास लागणारी सामग्री त्या कणांत भरलेली नसते. त्यामुळे अळीच्या शरीरात हा विषाणू वाढत नाही आणि एका अळीपासून दुसरीस लागतही नाही. तो फक्त आपली जनुके अळीच्या पेशींत पोहोचवितो आणि पुढचे काम ती जनुके करतात. शेतकरी बंधूंनी हेही लक्षात घ्यावे की, हा विषाणू माशीच्या टोचण्यावाचून पसरत नाही, तेव्हा त्याच्यापासून पिकास, जनावरांस वा माणसांस भय बाळगण्याचे कारण नाही.

ही जनुके अळीत काय करतात

पहिले काम रक्षक पेशींस थोपविण्याचे. गावात रात्री चोर शिरला तर जागल्या हाक देतो आणि गाव जागे होते. अळीच्या पेशीतही असा एक जागल्या आहे. शांततेच्या काळी एक लहानसे प्रथिन त्याला अडकवून धरते. शत्रू आत आला की हे अडकवणारे प्रथिन मोडून पडते, जागल्या मोकळा होतो आणि पेशीच्या केंद्रात जाऊन प्रतिकाराचा हुकूम देतो. विषाणूची काही जनुके नेमके तसेच अडकवणारे प्रथिन बनवितात, फरक एवढाच की ते शत्रू आल्यावरही मोडत नाही. जागल्या बांधलेलाच राहतो व हाक उठत नाही. इतर काही जनुकांमुळे रक्षक पेशींची चिकटण्याची व पसरण्याची शक्ती जाते. मग अंडे उघड्यावर पडलेले असूनही त्याला कोणी हात लावीत नाही.

दुसरे काम अळीची वाढ रोखण्याचे. अळी कात टाकते ती एका संप्रेरकाच्या आज्ञेने, आणि ते संप्रेरक छातीतील एका ग्रंथीत तयार होते. कॅम्पोलेटिस सोनोरेन्सिसवरील संशोधनात असे दिसून आले की, विषाणूच्या प्रभावाने ही ग्रंथीच झिजून जाते. आज्ञा देणारेच उरत नाही, तेव्हा अळी पुढच्या अवस्थेस जात नाही आणि तिचा कोषही होत नाही. तिचे खाणे मंदावते व अंग धरत नाही. वरून पाहणाऱ्यास ती जिवंत दिसते. वस्तुतः ती स्वतःसाठी जगत नसून माशीच्या पिल्लासाठी राखून ठेवलेली शिदोरी झालेली असते.

तळहातावरील अळीसंबंधीच्या प्रश्नाचे उत्तर हेच होय. ती पान खात होती खरी, परंतु घाटा पोखरण्याच्या वयास ती पोहोचणार नव्हती.

कोबीच्या शेतातील उदाहरण

ही गोष्ट एका माशीपुरती नाही. नाशिक, दिंडोरी, सिन्नर या भागांत कोबी व फ्लॉवर घेणाऱ्यांस चौकोनी ठिपक्यांचा पतंग परिचित आहे. याची लहान हिरवी अळी धक्का लागताच धाग्याने खाली लोंबते आणि पानांस भोके पाडते. या किडीची ख्याती अशी की, औषधांस दाद न देणे तिने फार लवकर शिकून घेतले. डी.डी.टी. निरुपयोगी ठरल्याची नोंद जावा बेटावरून १९५३ सालीच झाली होती. त्यानंतर जगभर एकामागून एक औषधांची तीच गत झाली.

या अळीवर कोटेशिया व्हेस्टॅलिस नावाची माशी उपजीविका करते. जुन्या पुस्तकांत तिचे नाव कोटेशिया प्लुटेली असे आढळेल. तिच्याही अंगी विषाणू आहे, पण तो निराळ्या कुळाचा. २००९ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, या कुळातील माश्यांच्या एका पूर्वजाने सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी एक विषाणू आपल्या गुणसूत्रांत सामावून घेतला व तेव्हापासून तो वंशपरंपरेने चालत आला. कॅम्पोलेटिसच्या कुळाने असाच सोबती स्वतंत्रपणे, दुसऱ्याच एका विषाणूपासून मिळविला. दोन वेगळ्या घराण्यांनी एकच युक्ती वेगवेगळ्या वेळी साधली, असे म्हणावयास हरकत नाही. कोटेशियाच्या विषाणूची जनुके अळीची प्रतिकारशक्ती दाबतात व तिच्या शरीरातील चरबीच्या साठ्यातही ढवळाढवळ करतात, असे अलीकडील संशोधनावरून दिसते.

यातील तात्पर्य शेतकऱ्यांनी घ्यावे ते असे. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने औषध पचविण्यास काही थोड्या वर्षांत शिकून घेतले. माशी व तिचा विषाणू यांची या किडींशी चाललेली झुंज मात्र युगानुयुगांची आहे आणि ती आजही आपल्या शेतात विनामूल्य चालू आहे.

शेतात काय पाहावे

टोचलेली अळी नुसत्या नजरेने ओळखणे पहिल्या दोन-तीन दिवसांत शक्य नसते. तथापि पुढील खुणा उपयोगी पडतात.

१. झाडावर पांढरट-करड्या रंगाचे, काळपट पट्टे वा ठिपके असलेले, गव्हाच्या दाण्याएवढे कोष शोधावे. कोषाला लागूनच अळीची सुरकुतलेली कातडी आढळली तर ते माशीचे काम समजावे. असे कोष चुरगाळू नयेत.

२. एकाच वेळी निघालेल्या अळ्यांत काही अळ्या मागे पडलेल्या, मंद व वाढ खुंटलेल्या दिसल्या तर त्या टोचलेल्या असण्याचा संभव असतो.

३. खात्री करून घ्यावयाची असेल तर शेताच्या निरनिराळ्या भागांतून वीस लहान अळ्या गोळा कराव्या. घाटेअळ्या एकमेकींस खातात, म्हणून प्रत्येक अळी झाकणाला टाचणीने भोके पाडलेल्या वेगळ्या डबीत ठेवावी. रोज हरभऱ्याचा ताजा कोवळा पाला घालावा. आठ-दहा दिवसांत किती डब्यांत माशीचे कोष होतात, ते मोजावे. ही परीक्षा पहिल्या लहान अळ्या दिसताच करावी, म्हणजे घाटे धरण्याच्या वेळी आपल्या शेतातील माशीचे बळ किती आहे, याचा अंदाज हाताशी राहतो.

काय करावे

अळी दिसली की फवारणी, ही सवय सोडावी. ओळीच्या एक मीटर लांबीत एक ते दोन अळ्या आढळल्या, किंवा कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस आठ ते दहा पतंग सापडले, तरच उपायाचा विचार करावा. मोजताना लहान व मोठ्या अळ्या वेगळ्या मोजाव्या. हेक्टरी पाच कामगंध सापळे व वीस पक्षीथांबे लावावेत. पेरणीच्या वेळी हरभऱ्यात थोडी ज्वारी टाकली तर तिच्या ताटांवर पक्षी बसतात व मोठ्या अळ्या वेचतात. मधूनमधून धन्याच्या ओळी घेतल्यास त्यांच्या फुलांतील मध माशीला मिळतो व ती शेतात टिकून राहते.

उपाय करावाच लागला तर आरंभी ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. एचएएनपीव्ही वापरावयाचा झाल्यास हेक्टरी २५० एल.ई. या प्रमाणात घ्यावा आणि ऊन उतरल्यावर संध्याकाळी फवारावा, कारण उन्हाने तो निकामी होतो. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. टोचलेल्या अळीस एचएएनपीव्हीची लागण लवकर झाली, तर माशीचे पिल्लू तयार होण्यापूर्वीच अळी मरते व पिल्लूही जाते. यास्तव बहुतेक लहान अळ्या टोचलेल्या असतील तेथे थोडा धीर धरावा, आणि न टोचलेल्या अळ्या वाढताना दिसतील तेथेच फवारावे. जहाल रासायनिक औषध हा शेवटचा उपाय समजावा. त्याने पानोपानी हिंडणारी माशी आधी मरते. पतंग दुरून उडत येऊन एका रात्रीत पुन्हा अंडी घालतात, माशीची संख्या मात्र तितक्या लवकर भरून येत नाही. आदल्या हंगामात दोन फवारण्यांनंतरही त्या शेतात मोठ्या अळ्या का झाल्या असाव्यात, याचा उलगडा यावरून होऊ शकेल.

कोबी-फ्लॉवरमध्ये मोहरीचे सापळा पीक घ्यावे. बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी सुचविल्या आहेत. पहिली ओळ कोबीच्या लागणीपूर्वी पंधरा दिवस व दुसरी लागणीनंतर पंचवीस दिवसांनी पेरावी. पतंग मोहरीकडे ओढले जातात आणि मुख्य पिकावरील फवारण्या कमी होतात. त्यामुळे कोटेशियासही आसरा मिळतो.

त्या शेतात पुढे काय झाले

आम्ही त्या दिवशी डब्या भरल्या व त्या शेतकऱ्यांच्या पडवीत एका फळीवर मांडल्या. पंपातील औषध त्यांनी लगेच मारले नाही, पण मलाही तसे सोडले नाही. "तात्या, आठ दिवस द्या," असे मी म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "आठ दिवस देतो, पण रोज येऊन बघायचे तुम्ही." त्यांचे म्हणणे योग्यच होते. सल्ला देणाऱ्याने त्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

आठवड्याच्या अखेरीस कित्येक डब्यांत करडे, ठिपक्यांचे कोष दिसू लागले. त्यांतील एका डबीत आमच्या डोळ्यांदेखत माशीचे पिल्लू अळीच्या कातडीशेजारी धागे विणीत होते. घरातील नातवंडांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांनी ते पाहिले. पुढे घाटे भरताना शेताच्या एका कोपऱ्यात अळ्यांची संख्या मर्यादेबाहेर गेली. तेवढ्याच भागावर संध्याकाळी एचएएनपीव्ही फवारावा लागला. उरलेल्या शेतात फवारणीची गरज पडली नाही आणि त्या वर्षी उधारीचे औषध आणावे लागले नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस माझी एवढीच विनंती आहे. शेतकऱ्यास नुसते "फवारू नका" असे सांगू नका. त्याच्या शेतातील अळ्या त्याच्याच घरी डबीत ठेवा, कोष त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या आणि मगच पंपाची गोष्ट काढा. येत्या रब्बीत हरभऱ्यावर पहिली लहान अळी दिसेल, तेव्हा वीस डब्या तयार ठेवाव्यात.